गेलेल्या माणसाच्या वह्या, पत्रं, चिठ्ठ्या: काय शोधायचं, कसं वाचायचं, कुठे ठेवायचं

माणूस गेलं की त्याचं अंथरूण, कपडे, औषधांचा डबा गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, आत घराबाहेर काढायची आपल्याकडे घाई असते. त्याच्याबरोबर कागदही जातात, आणि ते गेल्याचं कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून कपडे कोणाला द्यायच्या आधी प्रत्येक खिसा चाचपा. बंडीचा चोरखिसा, कोटाचं फाटलेलं अस्तर, लुगड्याच्या घडीतली पुरचुंडी, काही सोडू नका. गादी उचलण्याआधी तिच्याखाली आणि उशीच्या अभ्र्यात हात घाला. आजारी माणूस शेवटी शेवटी जे लिहितं ते हाताशी असेल त्यावर लिहितं: एक्सरेच्या पाकिटावर, गोळ्यांच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला. हे काम घरातल्या एकालाच नेमून द्या. दारावर येणाऱ्यांची ऊठबस करणाऱ्याकडून ते होणार नाही.

नंतर सावकाश घर पाहा. लिखाण फक्त डायरीत नसतं. पोथीच्या पानांत चिठ्ठ्या असतात. देवघरातल्या आणि भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे, पुठ्ठा आणि काच यांच्यामध्ये पत्रं सापडतात. जुन्या कॅलेंडरच्या पानांवर दुधाच्या हिशेबाबरोबर कोण आलं, कोण गेलं, पाऊस कधी पडला, हेही लिहिलेलं असतं. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या पावत्यांच्या पाठी, किराण्याच्या वहीची शेवटची पानं, मुलांच्या अर्धवट राहिलेल्या शाळेच्या वह्या, शिवणयंत्राचा खण, धान्याच्या कोठीवरचा डबा, सगळं बघा. बायकांचं लिखाण जास्त करून स्वयंपाकघरात आणि देवघरात निघतं. पाककृतींच्या वहीत बिबड्यांचं प्रमाण आणि त्याच्याखालीच माहेरच्या कोणाच्या तरी आजारपणाची तारीख, असं एका पानावर असतं. ती वही ‘रेसिपीची’ म्हणून बाजूला टाकू नका.

रामनामाच्या किंवा श्रीराम जपाच्या लिहिलेल्या वह्या तापीत सोडायची बऱ्याच घरांत रीत आहे. सोडायच्या तर सोडा, पण आधी प्रत्येक वहीचं पहिलं आणि शेवटची दोन-तीन पानं बघा. जप सुरू केल्याची तारीख, नवस कशासाठी होता तो आणि उधारीचे आकडे तिथेच लिहिलेले असतात. एखाद-दुसरी वही अक्षरासाठी म्हणून घरी ठेवावी.

उचलण्याआधी

सापडलेला गठ्ठा लगेच सोडू नका. मोबाइलवर त्याचे दोन फोटो काढा, एक लांबून जागा दिसेल असा आणि एक जवळून. मग कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने जागा लिहा. ‘माजघर, लोखंडी कपाट, वरून दुसरा खण, सुतळीने बांधलेला गठ्ठा, वर सुरतेचं पाकीट’ इतकं पुरे. ही चिठ्ठी त्या गठ्ठ्याबरोबर कायम राहिली पाहिजे. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पुढच्या कागदावर उमटते. आणि मूळ कागदावर तर काहीच लिहू नका.

एवढा खटाटोप का, तर माणसाने कागद कुठल्या क्रमाने, कशाबरोबर ठेवले यातच निम्मा अर्थ असतो. भावाचं पत्र जमिनीच्या नकाशाबरोबर बांधलेलं असेल, तर ते पत्र वाटणीच्या काळातलं असण्याचा संभव आहे. तेच पत्र तुम्ही ‘सगळ्या भावांची पत्रं’ अशा ढिगात टाकलं की तो धागा तुटला. तारखेप्रमाणे लावायचा मोह आवरा. तारखेची यादी वेगळ्या वहीत करता येते, मूळ गठ्ठे जसे होते तसेच राहू द्या.

एवढ्यात बाजूला काढायची फक्त कामाची कागदपत्रं: सातबारा, खरेदीखत, पासबुक, विम्याची पॉलिसी, गहाणाच्या पावत्या. त्यांची एक वेगळी पिशवी करा, आणि ती कुठून काढली याची चिठ्ठी मूळ जागी ठेवा.

डायरीत पिन नंबर, पासवर्ड लिहिलेले सापडतातच. ते पान फाडू नका, पण त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. कोणाला किती हातउसने दिले-घेतले याच्या नोंदी असतील तर त्या पानाची झेरॉक्स काढून घरातल्या मोठ्यांना दाखवा. रकमेवर खूण किंवा काट मारू नका.

‘मळा धाकट्याला द्यावा’ असं काही लिहिलेलं निघालं, तर भाऊबंदकी पेटायच्या आत एवढं माहीत असावं: भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. म्हणजे साध्या फुलस्केपवरचं, पण दोन साक्षीदार असलेलं लिखाण मृत्युपत्र ठरू शकतं आणि डायरीतली नुसती इच्छा सहसा ठरत नाही. दोन्ही परिस्थितींत कागदाला टाचणी, डिंक, लॅमिनेशन काहीही लावू नका. पारदर्शक पाकिटात घाला आणि वकिलाला दाखवा.

ऊन, धूळ, कसर

जुने कागद दिसले की ते उन्हात टाकायचे, हा आपल्याकडचा हमखास उपाय. पापडाला तो ठीक. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात वर्तमानपत्री कागद दोन दिवसांत पिवळा पडून कडक होतो आणि फाउंटन पेनची निळी शाई उडते. वाळवायचेच असतील तर सावलीत, पंखा फिरता ठेवून, पण झोत सरळ कागदावर येणार नाही असे वाळवा.

धूळ काढायला एक इंची मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा कोरा चालतो. पानाच्या मधून कडेकडे झाडा. फडकं वापरू नका, ओलं तर मुळीच नाही. काळी-हिरवी बुरशी दिसली तर ते कागद वेगळे करा, तोंडाला मास्क लावा, आणि बुरशी पूर्ण कोरडी होऊन भुकटीसारखी झाल्यावरच घराबाहेर झाडा. ओली बुरशी झाडली तर ती कागदात रुतते.

धाब्याच्या घरात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर पावसाचं पाणी गळून गठ्ठा भिजला असेल तर तुमच्या हातात दोनेक दिवस असतात, त्यानंतर बुरशी धरते. ओली पानं ओढून सोडवू नका. गठ्ठा आडवा ठेवा, सुटतील तेवढ्याच पानांमध्ये छपाई नसलेला कोरा न्यूजप्रिंट किंवा टिपकागद घाला आणि तो दर तीन-चार तासांनी बदला. छापलेलं वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई उलट्या अक्षरांत उमटते. एवढे कागद एका वेळी हाताळणं जमणार नसेल, तर गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवून द्या. बुरशी थांबते आणि सवड मिळते. शाईचाही अंदाज घ्या. फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते. बॉलपेन बरंच तग धरतं. जुन्या हिशेबनिसांची कॉपिंग पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि पाण्याचा थेंब पडताच जांभळी होऊन वाहते, तेव्हा करडं अक्षर म्हणजे शिसपेन्सिलच असं धरून चालू नका.

कसर पानं वरवर खरवडते, आरपार भोकं पाडत नाही. वाळवी म्हणा की उधई, ती भिंतीतून येते आणि मातीचा माग सोडते. तो दिसला तर कागद वाचवून भागत नाही, कपाट भिंतीपासून हलवावं लागतं. जिवंत किडे असतील तर कोरडे कागद दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर गार कागदावर दव धरतं. डांबर गोळ्यांनी वास येतो, किडे थोडे लांब राहतात, अंडी मरत नाहीत. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, फडक्याच्या पुरचुंडीत. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

गंजलेल्या टाचण्या उपसू नका. स्टेपलच्या मागच्या दोन्ही तंगड्या बोथट सुरीने उभ्या करा आणि पुढून उचला. वितळलेलं रबर बँड चिकटलं असेल तर सुटेल तेवढंच काढा. पिवळी पडलेली सेलोटेप सोलायला गेलात तर अक्षरं टेपबरोबर येतील. आणि आठवण म्हणून बापाचं शेवटचं पत्र लॅमिनेट करून आणणारे पुष्कळ भेटतात. उष्णता आणि गोंद यांनी ते कायमचं अडकतं, पुन्हा कोणालाच सोडवता येत नाही. फ्रेमच करायची तर रंगीत झेरॉक्सची करा.

तारीख नसलेलं पत्र

जुन्या पत्रांत वार असतो, तिथी असते, सन नसतो. तरी काळ काढता येतो, आणि खान्देशातल्या पत्रांना त्यासाठी चांगल्या खुणा आहेत.

पत्ता आधी बघा. ‘पू. खा.’ किंवा ‘प. खा.’ म्हणजे पूर्व आणि पश्चिम खान्देश. १९०६ साली खान्देशाचे हे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची जागा जळगाव, धुळे या नावांनी घेतली. म्हातारी माणसं सवयीने पुढेही ‘पू. खा.’ लिहीत राहिली, म्हणून ही खूण एकटी धरू नका. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. शहादा, तळोदा, नवापूरच्या पत्त्यात ‘जि. धुळे’ असेल तर पत्र त्याच्या आधीचं असण्याचीच शक्यता जास्त. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झाला. तो असेल तर पत्र नक्की त्यानंतरचं, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. पोस्टाच्या शिक्क्यावर तिरका उजेड टाकला, म्हणजे टॉर्च कागदाला जवळपास समांतर धरला, की पुसट आकडे उठून दिसतात.

मजकुरातले पैसे बघा. आणे-पै असतील तर साधारण १९५७च्या आधीचं. दशमान नाणी त्या वर्षीच्या १ एप्रिलला आली. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे, हे १९६४पर्यंतचं.

शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या पत्राला ७९. शके १८९०चा वैशाख म्हणजे १९६८. व्यापारी घराच्या चोपड्यांत मात्र बहुधा विक्रम संवत सापडतो आणि त्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं: पाडव्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. शके आणि संवत यांत घोळ केला की थेट १३५ वर्षांचा फरक पडतो, त्यामुळे चूक लवकर कळते. बाकी चुका मात्र एका वर्षाच्याच असतात आणि त्या नजरेतून निसटतात.

कागदावरच्या खुणाही वाचा. पोस्टकार्डाचा एक कोपरा नीट फाडलेला असेल तर त्याला उंदराने कुरतडलं म्हणून कापून सरळ करू नका. मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची रीत होती. असं पत्र वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. ते कोणी जपून ठेवलं असेल तर का ठेवलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारण्यासारखं आहे. कोपऱ्यांना पिवळे-लाल डाग म्हणजे हळदकुंकू, लग्नाचं किंवा शुभकार्याचं पत्र. तो डाग पुसायचा नाही.

ओळीच्या वर आधी सलग रेघ आखून खाली गोलाकार, एकमेकांत गुंतलेली अक्षरं लटकवल्यासारखी दिसली तर ती मोडी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशेब आणि घरगुती पत्रंही मोडीत लिहीत. अंदाजाने वाचू नका. मोडी वाचकाला मूळ कागद न देता स्कॅन पाठवा.

उतरवून काढताना

सर्वांत जास्त नुकसान ‘शुद्ध’ करण्याने होतं. अहिराणीत ‘आंडेरनी चिठ्ठी उनी’ असं लिहिलेलं असेल तर ते तसंच उतरवा. ‘मुलीची चिठ्ठी आली’ हे खाली वेगळ्या ओळीत द्या. लेवा बोलीतलं ‘डोया’ हे डोळाच आहे, पण त्याला ळ लावायचा अधिकार आपला नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कानावर पडल्या तशा उतरवून घेतल्या आणि बाई १९५१ साली गेल्यानंतर त्या जगासमोर आल्या. त्या प्रमाण मराठीत ‘सुधारून’ आल्या असत्या तर काय उरलं असतं, याचा विचार करून पेन उचला.

न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंस करून त्यात प्रश्नचिन्ह ठेवा. खोडलेलं वाचता येत असेल तर तेही कंसात घ्या, कारण माणूस काय लिहिणार होतं आणि थांबलं ते तिथे दिसतं. माणसांची एक यादी वेगळी करा. आपल्याकडे एका घरात आप्पा दोन, नाना तीन आणि जिभाऊ कोणीही असू शकतो. ‘नाना म्हणजे मोठ्या काकांचे व्याही, एरंडोलचे’ हे आत्ता ज्यांना माहीत आहे ती माणसंही ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासमोर पत्र मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. त्यांना नुसता फोटो दाखवण्यापेक्षा याने जास्त निघतं.

फोटो आणि स्कॅन

स्कॅनर असेल तर साध्या अक्षराला ३०० डीपीआय, पुसट पेन्सिलीला ६००, आणि सगळं रंगीत. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शाईचा फरक हरवतो. मोबाइलने काढायचं तर सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. कोऱ्या वाटणाऱ्या मागच्या बाजूही काढा. फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गठ्ठ्याचा क्रमांक असं द्या, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. सुरत-पुण्याला कोणी ना कोणी असतंच. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत धरू नका, ती दाबून लहान केलेली असते.

फोनचं विसरू नका. प्रीपेड सिम रिचार्जविना काही महिन्यांत बंद होतं आणि नंबर दुसऱ्याला जातो. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जातं. निदान सहा महिने रिचार्ज चालू ठेवा आणि तेवढ्यात महत्त्वाच्या गप्पा, खास करून आवाजातले निरोप, बाहेर काढून घ्या.

ठेवायची जागा

जुन्या दफ्तरांत कागद कापडी रुमालात बांधून ठेवत, ते आजही चालतं. मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून घ्या, कारण खळीवर कसर येते. प्रत्येक गठ्ठा आधी कोऱ्या पांढऱ्या कागदात आणि मग रुमालात, गाठ सैल. प्लास्टिकच्या पिशवीत कायमचं कोंडू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, खालचा खण जमिनीपासून वीतभर वर हवा. माळा नको, उन्हाळ्यात तो तापून निघतो. आणि ज्या खोलीत कूलर चालतो ती खोली नको. चार महिने पाण्याची हवा खाऊन कागद फुगतो, मग कूलर बंद झाला की आकसतो, आणि पुढे पावसाळा आहेच. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, रुमाल सोडून बघा.

कोणाचं, कोणी वाचायचं

वाटणीत मूळ कागद फाडाफाडी करून वाटू नका. एकाकडे मूळ, बाकीच्यांना चांगल्या रंगीत प्रती आणि कोणाकडे काय आहे याचा एक कागद, त्यावर सगळ्या भावंडांच्या सह्या. बहिणींनाही धरा, आईची पत्रं बहुधा त्यांनाच लिहिलेली असतात.

खाजगी काही निघालं, दुसऱ्या घराची अब्रू गुंतलेली असेल, तर जाळायचं का यावर त्याच आठवड्यात निर्णय नको. ज्याने उघडलं त्याने आणखी कोणाला न दाखवता जाड पाकिटात घालावं, वरती ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असं लिहून सही करावी. स्वतः गेलेल्या माणसानेच ‘जाळा’ म्हणून लिहून ठेवलं असेल तर आमच्या मते ते पाळावं.

वर्षश्राद्धाला स्मरणिका छापायची असेल तर एक बाब जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. वडिलांनी लिहिलेल्या पत्रांचे हक्क त्यांच्या वारसांचे. कॉपीराइट कायदा, १९५७प्रमाणे ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, आणि मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. पण वडिलांना आलेल्या पत्रांचा कागद तेवढा तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. मित्राचं पत्र छापायचं तर मित्राच्या घरी विचारा.

घरात जागा नसेल आणि लिखाणात गावचा इतिहास असेल, तर संस्थेला द्यायचा विचार करा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले. त्यांचा संग्रह तिथल्या त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आहे. धुळ्याचंच समर्थ वाग्देवता मंदिर हस्तलिखितांसाठी ओळखलं जातं. देण्याआधी गठ्ठ्यांची यादी दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. कोणता गठ्ठा किती वर्षं वाचकांना दाखवायचा नाही ते तिच्यातच लिहा, आणि स्कॅन स्वतःकडे ठेवा. जागांच्या चिठ्ठ्याही गठ्ठ्यांबरोबरच द्या.